मोटारीमागचे फिरते घर : निवडीआधी वजन, वाट आणि कायदा

तिरुवल्लिकेणी (चेन्नई) : मोटारीमागे छोटे फिरते घर जोडून सहकुटुंब प्रवासाला निघण्याची कल्पना मोहक आहे. मात्र असे घर आणि ते ओढणारी मोटार यांची जोडी इंजिनाच्या ताकदीवरून किंवा जाहिरातीतील छायाचित्रावरून ठरत नाही. भरलेल्या ट्रेलरचे प्रत्यक्ष वजन किती, ते मोटारीला थांबवता आणि सावरता येईल काय, त्याची कायदेशीर नोंदणी होईल काय आणि प्रवास नसेल तेव्हा ते उभे कोठे राहील, या चार प्रश्नांची उत्तरे पैसे मोजण्याआधी हाती असावी लागतात.

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी हा भाग हे चारही प्रश्न एकाच वेळी पुढे आणतो. इंग्रजांच्या तोंडी ‘ट्रिप्लिकेन’ झालेल्या या जुन्या वस्तीच्या मध्यभागी पार्थसारथी मंदिर आणि त्याभोवतीच्या माडवीथी, म्हणजे मिरवणुकीच्या चार गल्ल्या आहेत. जवळच १७९५ मध्ये बांधलेली वालाजाह मशीद, जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी ओळखला जाणारा भारती सालै आणि थोड्या अंतरावर मरीना किनारा. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून उभी आणि हवा खारी. दुसरीकडे, येथून समुद्राच्या कडेने दक्षिणेला गेले की मामल्लपुरम व पुदुच्चेरीकडे जाणारा पूर्व किनारा मार्ग लागतो. म्हणजे प्रवासाची वाट दाराशी आहे, पण प्रवासाचे घर ठेवायला दारात जागा नाही. पुण्याच्या पेठा, कोल्हापूरच्या गल्ल्या किंवा मुंबईचे गिरगाव येथे राहणाऱ्या कुटुंबांनाही हा पेच अपरिचित नाही.

कॅरव्हॅन पर्यटनाकडे राज्यांचे लक्ष गेल्या काही वर्षांत वळले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणले आणि त्याच वर्षी केरळने ‘केरवॅन केरळ’ ही योजना जाहीर केली. या धोरणांचा भर मुख्यतः भाड्याने मिळणाऱ्या वाहनांवर आणि त्यांच्या थांब्यांवर आहे. स्वतःच्या मोटारीमागे स्वतःचा ट्रेलर जोडू इच्छिणाऱ्या कुटुंबाला मात्र बराचसा हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

आधी जागा, मग ट्रेलर

निवडीची पहिली पायरी दुकानात नव्हे, तर घरासमोर आहे. लहान एक-अक्षी ट्रेलरची लांबी पुढच्या दांडीसह साधारणतः साडेतीन ते साडेचार मीटर आणि रुंदी पावणेदोन ते दोन मीटर असते. साडेचार मीटरच्या मोटारीला सव्वाचार मीटरचा ट्रेलर जोडला, तर पावणेनऊ मीटरची जोडगाडी तयार होते. गल्लीच्या वळणावर ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती वळणाच्या आतील बाजूने कापून जातात. त्यामुळे मोटार सहज वळली तरी ट्रेलर कोपऱ्यावरच्या ओट्याला किंवा विजेच्या खांबाला घासू शकतो.

मागे घेणे याहून अवघड. ट्रेलर डावीकडे न्यायचा असेल, तर मोटारीचे चाक आधी उजवीकडे फिरवावे लागते. ट्रेलर जितका आखूड, तितका तो चटकन वळतो आणि मोटारीशी काटकोनात अडकतो. म्हणून दाट वस्तीत राहणाऱ्यांना रिकाम्या वजनाने ४०० ते ५०० किलोच्या आत असलेला आणि पुढच्या दांडीला फिरते आधारचाक असलेला ट्रेलर सोयीचा पडतो. सपाट जागेवर तो मोटारीपासून सोडवून दोन-तीन माणसे हाताने ढकलून लावू शकतात.

मंदिराच्या उत्सवात मिरवणुकीसाठी माडवीथी मोकळ्या ठेवाव्या लागतात. एरवीही सार्वजनिक रस्त्यावर ट्रेलर महिनोन्‌महिने उभा ठेवणे ना शेजाऱ्यांना रुचते, ना नियमांत बसते. त्यामुळे शहराबाहेर भाड्याची बंदिस्त जागा घ्यावी लागते आणि तिचे मासिक भाडे हा ट्रेलरच्या किमतीचाच भाग समजावा लागतो. वर्षातून दोन-तीन सहलींसाठी बारा महिन्यांचे भाडे परवडते काय, हा विचार येथेच झालेला बरा.

कोणता ट्रेलर हलका म्हणावा

फिरत्या घराचे प्रमुख प्रकार चार. पहिला तंबू-ट्रेलर. यात खाली सामानाची पेटी व वर घडी घातलेला तंबू असतो. तो सर्वांत हलका व बुटका, त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी. पण पावसात उभारणे कष्टाचे आणि उन्हात आतील उकाडा मोठा. दुसरा पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा ट्रेलर. यात दोन मोठ्यांची झोपण्याची सोय आत आणि स्वयंपाकाचा ओटा मागच्या झाकणाखाली असतो. मुलांसाठी शेजारी छोटा तंबू लावावा लागतो. तिसरा घडीचे छप्पर असलेला ट्रेलर, जो चालताना बुटका राहतो आणि थांबल्यावर उंच होतो. चौथा कठीण भिंतींचे पूर्ण कॅरव्हॅन. त्यात उभे राहता येते, पलंग, ओटा व स्वच्छतागृह बसते. पण वजन आणि समोरून लागणारा वारा दोन्ही वाढतात.

वाऱ्याचा मुद्दा वजनाइतकाच महत्त्वाचा आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना इंजिनाची बरीच ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. मोटारीच्या छपराहून उंच आणि तिच्याहून रुंद असलेली ट्रेलरची भिंत ही जणू रस्त्यावर उभी धरलेली फळी असते. म्हणून ६०० किलोचा उंच ट्रेलर ८०० किलोच्या बुटक्या ट्रेलरपेक्षा जास्त इंधन खाऊ शकतो. मोटारीच्या सावलीत मावणारा ट्रेलर ही कुटुंबाच्या खिशाला आणि चालकाच्या हाताला दोन्हीकडून हलकी निवड ठरते.

येथे परदेशी सल्ल्याबाबत सावध राहणे भले. अमेरिकेतील मार्गदर्शन रुंद रस्ते, मोठी पिकअप वाहने आणि वीज-पाण्याची जोडणी देणारे तळ गृहीत धरते. तेथे १९६१ मध्ये आलेला एअरस्ट्रीम कंपनीचा ‘बांबी’ हा १६ फुटी ट्रेलर छोटा समजला गेला. चेन्नईच्या गल्लीत तीच लांबी मोठी ठरते. भारतीय रस्ते आणि मोटारी पाहता युरोपातील लहान, एक-अक्षी कॅरव्हॅनचे संकेत अधिक जवळचे आहेत.

वजनाचा खरा हिशेब

विक्रेता सांगतो ते वजन बहुधा रिकाम्या ट्रेलरचे असते; प्रवासाला निघतो तो भरलेला ट्रेलर. दोहोंतील फरक समजण्यासाठी एक नमुना-हिशेब पुरेसा आहे.

समजा, रिकामा ट्रेलर ४५० किलोचा आहे. त्यात ६० लिटर पाणी भरले की ६० किलो वाढले, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. घरातील इन्व्हर्टरला असते तशी १५० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ५५ किलो, शेगडी व छोटे सिलिंडर २० किलो, अंथरूण-पांघरूण २५ किलो, भांडी व किराणा ४५ किलो, मंडप, खुर्च्या व मेज ४० किलो, जादा चाक व जॅक २५ किलो, कपडे, शीतपेटी आणि मुलांचे सामान ३० किलो. बेरीज ३०० किलो. म्हणजे ४५० किलोचा ‘हलका’ ट्रेलर रस्त्यावर येतो तो ७५० किलोचा होऊन.

आता मोटार पाहू. तिचे रिकामे वजन १,८५० किलो आणि कमाल अनुज्ञेय भारित वजन २,४५० किलो असेल, तर तिच्यात व तिच्यावर मिळून ६०० किलो ठेवता येतात. तीन प्रौढ व दोन मुले मिळून २८० किलो, सामान ८० किलो, छपरावरील कॅरियर व त्यावरील ओझे ४० किलो आणि ट्रेलर जोडण्याची लोखंडी चौकट २५ किलो. येथवर ४२५ किलो झाले. याखेरीज ट्रेलरची दांडी मोटारीच्या मागच्या टोकावर जो भार टाकते, तो सुमारे ५५ किलो धरला पाहिजे. एकूण ४८० किलो. शिल्लक राहिले १२० किलो. आजी-आजोबा सोबत निघाले की ही शिल्लक संपते.

ट्रेलर ओढण्याची क्षमता पुरेशी असतानाही मोटारीची वहनक्षमता आधी संपू शकते, हा या हिशेबाचा सर्वांत दुर्लक्षित निष्कर्ष आहे. अशा वेळी सामान मोटारीतून ट्रेलरमध्ये हलवले जाते आणि मग ट्रेलर त्याची मर्यादा ओलांडतो. यावर खात्रीचा उपाय एकच : पूर्ण भरलेली जोडगाडी मालमोटारींच्या वजनकाट्यावर नेणे. आधी मोटार व ट्रेलर एकत्र, मग ट्रेलर सोडवून एकटा, अशी दोन वजने घेतली की अंदाज संपतो आणि आकडे हाती येतात.

ओढणारी मोटार कशी निवडावी

मोटारीबाबत पहिले पान उघडायचे ते निर्मात्याच्या मार्गदर्शक पुस्तिकेचे. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक प्रवासी मोटारींच्या पुस्तिकांत ट्रेलर ओढू नये, अशी सूचना असते. त्याच मोटारीला परदेशात ट्रेलर ओढण्याची मुभा असू शकते. पण तेथील गिअर, शीतन-यंत्रणा, जोडणीची जागा किंवा वेगमर्यादा वेगळी असते. येथील पुस्तिकेत जे लिहिले आहे, तेच येथे लागू. त्यात ट्रेलरच्या वजनाचा आकडा नसेल किंवा नकार असेल, तर निर्मात्याकडून लेखी खुलासा मिळेपर्यंत त्या मोटारीचा विचार थांबवावा.

आकडा मिळाला की तुलना सोपी होते. ब्रिटनमध्ये नवख्या चालकांसाठी एक संकेत प्रचलित आहे : भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. वरील नमुन्यात ७५० किलो हे १,८५० किलोंच्या सुमारे ४१ टक्के आहे, म्हणजे जोडी सुरक्षित बाजूला आहे. हाच ट्रेलर ९५० किलोच्या छोट्या हॅचबॅकमागे लावला, तर प्रमाण ७९ टक्क्यांवर जाते. कागदावर ते संकेतात बसते. पण पाच माणसे, सामान आणि दांडीचा भार मिळून त्या मोटारीची वहनक्षमता आधीच संपलेली असते. एकच कसोटी उत्तीर्ण होणे पुरेसे नसते, ते असे.

बांधणीचाही विचार करावा लागतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर, डी-मॅक्स यांसारखी वाहने शिडीच्या आकाराच्या स्वतंत्र चौकटीवर बांधलेली असल्याने मागची जोडणी थेट चौकटीला बसवता येते. एकसंध सांगाड्याच्या मोटारीत जोडणीचा ताण पत्र्याच्या सांगाड्यावर येतो. तरीही स्वतंत्र चौकट म्हणजे आपोआप परवानगी, असा अर्थ होत नाही. दोन धुरांमधील अंतर अधिक आणि मागच्या चाकांपासून जोडणीपर्यंतचे अंतर कमी असलेली मोटार ट्रेलरच्या हेलकाव्यांनी कमी विचलित होते. या निकषावर आखूड बांध्याचे दणकट वाहन दिसते तितके सोयीचे नसते.

इंजिनाबाबत अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांत मिळणारा टॉर्क उपयोगी पडतो. डिझेल इंजिने म्हणूनच या कामाला सोयीची ठरतात. चढावर ओझे घेऊन थांबून पुन्हा निघताना हाताच्या गिअरच्या मोटारीत क्लच तापतो, तर स्वयंचलित गिअरच्या मोटारीत गिअरचे तेल. विजेवरील मोटारींना टॉर्कची ददात नसते. पण ट्रेलर लागताच एका भारणातील पल्ला निम्म्यापर्यंत येऊ शकतो. शिवाय चार्जिंगच्या बऱ्याच जागी ट्रेलर सोडवल्याशिवाय मोटार उभी करता येत नाही.

गाडी ‘उलाळ’ होऊ नये

ओझ्याची वाटणी कशी असावी, हे बैलगाडी हाकणाऱ्यांना पूर्वापार ठाऊक आहे. मागे जास्त ओझे भरले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. पुढे जास्त भरले की ओझे बैलांच्या मानेवर येते. चेन्नईत १८४० मध्ये घोडागाड्या बांधण्याच्या व्यवसायातून सुरू झालेल्या सिम्पसन कंपनीच्या कारागिरांनाही हाच नियम पाळावा लागला असणार. मोटारीमागच्या ट्रेलरला तो अधिक कठोरपणे लागू होतो, कारण येथे वेग मोठा आहे.

ट्रेलर उलाळ भरला असेल, तर दांडी मोटारीचे मागचे टोक उचलू पाहते. मागच्या चाकांची पकड सैल होते आणि एखाद्या धक्क्यानंतर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. वेग वाढेल तसा झोका वाढतो आणि शेवटी तो मोटारीलाच फिरवतो. म्हणून दांडीचा खाली दाबणारा भार नेहमी असावा लागतो. युरोपात तो ट्रेलरच्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के, तर अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगितला जातो. आपल्या नमुन्यातील ७५० किलोच्या ट्रेलरसाठी ७ टक्के म्हणजे सुमारे ५३ किलो. मोटार आणि जोडणी यांच्या निर्मात्यांनी दिलेल्या मर्यादांपैकी जी कमी, ती अंतिम मानावी.

हा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. सपाट जमिनीवर ट्रेलर आडवा समतोल ठेवून दांडीच्या टोकाखाली जोडणीच्या उंचीइतका लाकडी ठोकळा आणि त्याखाली काटा ठेवला की आकडा मिळतो. पाण्याची टाकी, बॅटरी आणि किराणा धुरेच्या आसपास व जमिनीलगत ठेवावा. हलके सामान वरच्या कप्प्यांत आणि मागच्या टोकाला शक्य तितके कमी ओझे. झोके सुरू झालेच, तर जोरात ब्रेक दाबू नये आणि वेग वाढवून ते मोडण्याचा प्रयत्नही करू नये. ॲक्सिलरेटर सोडून सुकाणू सरळ धरावे आणि वेग आपसूक उतरू द्यावा.

ब्रेक, जोडणी आणि टायर

युरोपीय नियमांत स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलोचा चालतो आणि तोही मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक नसावा लागतो. म्हणजे वरील नमुना त्या सीमारेषेवरच आहे. ट्रेलरला ब्रेक नसतील, तर तो थांबवण्याचे सगळे काम मोटारीच्या ब्रेकांवर पडते. ताशी ६० वरून ८० किलोमीटरवर गेले की थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून थोडी अधिक होते. रस्त्यात अचानक गुरे, दुचाकी किंवा उलट दिशेने येणारे वाहन समोर येण्याची शक्यता असलेल्या देशात ७०० किलोच्या पुढील ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे ही चैन नव्हे. मोटार मंदावताच ट्रेलरच्या पुढे रेटण्याने लागणारे यांत्रिक ब्रेक आणि मोटारीच्या संकेताने लागणारे विजेचे ब्रेक, असे दोन प्रकार प्रचलित आहेत.

जोडणीचा गोळा व त्यावर बसणारी वाटी एकाच मापाची हवी. युरोपात गोळ्याचा व्यास ५० मिलिमीटर, तर अमेरिकेत अनेक लहान ट्रेलरांसाठी दोन इंच असतो. फरक एक मिलिमीटरहूनही कमी, पण खिळखिळी जोडणी सुटण्यास तो पुरतो. जोडणी निसटली तरी ट्रेलर मोकाट धावू नये म्हणून दोन साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या अडकवतात. मागचे लाल दिवे, ब्रेकचे दिवे आणि वळणाचे निर्देशक दर निघण्याआधी तपासावे लागतात. तिरुवल्लिकेणीपासून जवळच कूम नदीपलीकडे असलेल्या पुदुपेट्टैच्या बाजारात मोटारींचे जुने सुटे भाग मिळतात. मात्र जोडणीचा गोळा, ट्रेलरची धुरा आणि टायर हे तिन्ही जुने घेण्याचे भाग नव्हेत.

टायरवरील भारांक वाचता येणे उपयुक्त आहे. भारांक ७५ म्हणजे एका टायरवर ३८७ किलो आणि ८२ म्हणजे ४७५ किलो. आपल्या ट्रेलरचे ७५० किलोंतून दांडीचा भार वगळता सुमारे ६९५ किलो दोन टायरांवर, म्हणजे प्रत्येकी जवळपास ३४८ किलो पडतात. भारांक ७५ चालतो खरा, पण खड्डा आणि उन्हाळा यांच्यासाठी फार कमी राखीव उरते. त्यापेक्षा ८२ बरा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने म्हातारे होतात. टायरच्या कडेवरील चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात; ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

किनारा, घाट आणि उकाडा

तिरुवल्लिकेणीहून मामल्लपुरम सुमारे ५५ किलोमीटर आणि पुदुच्चेरी सुमारे १५० किलोमीटर. पहिल्या सहलीसाठी ही अंतरे योग्य आहेत. रस्ता सपाट असला तरी समुद्रावरून येणारा आडवा वारा उंच ट्रेलरला ढकलतो आणि वेगाने ओलांडून जाणारी बस आधी दूर लोटते, मग जवळ ओढते. मराठी कुटुंबांना जिव्हाळ्याचे तंजावर सुमारे ३४० किलोमीटरवर आहे. सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख पाहण्यासाठी ट्रेलरसह निघणाऱ्यांनी हे अंतर एका दमात न कापता मध्ये मुक्काम धरावा.

डोंगरी वाटांचे गणित वेगळे आहे. येलगिरीच्या घाटात केसाच्या चिमट्यासारखी १४ वळणे आहेत, सेलमहून येरकाडला जाताना २० आणि कोल्ली डोंगरावर ७०. येलगिरीसारखा घाट हलका ट्रेलर व सरावलेला चालक यांना जमू शकतो. कोल्लीची वाट ट्रेलरसाठी नाहीच. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहिल्यास ते तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावे, हा जुना नियम ट्रेलर असताना मोडता येत नाही. सह्याद्रीतील खंबाटकी, कसारा किंवा आंबोलीच्या घाटांनाही तोच लागू.

उकाड्याच्या बाबतीत जाहिरातीतील वातानुकूलित ट्रेलरचा हिशेब तपासावा. १५० अँपिअर-तास आणि १२ व्होल्टच्या बॅटरीत १.८ युनिट वीज मावते. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य टिकवायचे तर त्यातील निम्मीच वापरावी. एक टनाचे वातानुकूलन यंत्र एवढ्या विजेवर तासभरही नीट चालत नाही. ३० वॉटचा पंखा मात्र रात्रभर चालून वीज उरते. वीजजोडणी देणारे तळ भारतात मोजकेच असल्याने सावली, दोन बाजूंच्या खिडक्या, जाळ्या आणि पंखा यांवर आधारलेला ट्रेलर अधिक व्यवहार्य ठरतो. चेन्नईत एप्रिल ते जूनमध्ये पारा ४० अंशांच्या आसपास जातो. त्यामुळे सहली जानेवारी-फेब्रुवारीत आखलेल्या बऱ्या.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. १२ डिसेंबर २०१६ रोजी चेन्नईजवळ धडकलेल्या ‘वर्दा’ वादळाने शहरातील हजारो झाडे उन्मळून पाडली होती. हलका आणि मोठ्या भिंतींचा ट्रेलर अशा वाऱ्यात उलटू शकतो. तो जमिनीला साखळदंडांनी बांधता येईल अशीच जागा निवडावी. खाऱ्या हवेमुळे गंज लवकर चढतो. जस्ताचा मुलामा दिलेली चौकट, फायबरच्या भिंती आणि दर सहलीनंतर गोड्या पाण्याने खालून धुणे या तीन गोष्टी किनारपट्टीवर ट्रेलरचे आयुष्य ठरवतात.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार ट्रेलर हाही ‘मोटार वाहन’ या संज्ञेत येतो. त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी आवश्यक आहे. अधिनियमाच्या कलम ६१ अन्वये ट्रेलरवर त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तर हवाच, शिवाय तो ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांकही ट्रेलरवर मागे दिसला पाहिजे. नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलरसाठी वेगळा वर्ग आहे. विक्रेत्याने ट्रेलर कोणत्या वर्गात नोंदवून देणार, हे लेखी सांगितले पाहिजे.

त्याआधीचा प्रश्न मान्यतेचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ नुसार वाहनाच्या नमुन्याला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आणि सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट तसेच अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास आस्थापना या महाराष्ट्रातील संस्था त्यांत आहेत. चेन्नईजवळ ओरगडम येथेही असे केंद्र आहे. गॅरेजमध्ये जोडून दिलेला ट्रेलर कितीही देखणा असला, तरी मान्यतेचे प्रमाणपत्र नसेल तर त्याची नोंदणी अडते.

मोटारीला मागची जोडणी बसवण्याबाबतही दक्षता हवी. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील, असे बदल करण्यास कलम ५२ मज्जाव करते. म्हणून निर्मात्याने मान्य केलेली जोडणीच बसवावी आणि परिवहन कार्यालयाकडे आधी विचारणा करावी. चालकाच्या परवान्याच्या वर्गाबाबतही तेथेच खातरजमा करून घ्यावी.

विम्याचा मुद्दा बहुधा अपघातानंतर लक्षात येतो. खासगी मोटारीच्या विमापत्रात बंद पडलेले वाहन ओढून नेण्याची मुभा असते. ती प्रवासी ट्रेलरची मुभा नव्हे. त्रयस्थ व्यक्तीच्या हानीची जबाबदारी ट्रेलरसह विमापत्रात लेखी जोडून घ्यावी लागते. आणि कायद्याच्या कलमांपलीकडचा साधा नियम असा की, गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये कोणीही बसू नये. तेथे ना आसनपट्टे असतात, ना धडक सोसणारी बांधणी.

विकत की भाड्याने

या सगळ्या हिशेबातून तिरुवल्लिकेणीसारख्या वस्तीतील कुटुंबासाठी तीन मार्ग दिसतात. वर्षातून एक-दोन सहली करणाऱ्यांना भाड्याची मोटर कॅरव्हॅन परवडते. तिला ओढणारी मोटार, साठवणीची जागा, नोंदणी व विमा यांपैकी कशाचीही चिंता नसते. दर महिन्याला बाहेर पडणाऱ्या, शहराबाहेर हक्काची जागा असलेल्या आणि निर्मात्याची परवानगी असलेले वाहन आधीच दारात असलेल्या कुटुंबाला भरलेल्या वजनाने ७५० किलोच्या आतील बुटका ट्रेलर योग्य. या दोहोंच्या मध्ये असणाऱ्यांना मोटारीच्या छपरावरील तंबू किंवा साधा जमिनीवरचा तंबू पुरेसा ठरू शकतो. मात्र छपराची भारमर्यादा तेथेही पाहावी लागते.

ट्रेलरच घ्यायचा ठरल्यास खरेदीचा क्रम उलटा करू नये. आधी उभे करण्याची जागा निश्चित करावी, मग सोबत येणारी माणसे व सामान यांची यादी करून भरलेले वजन काढावे. ते वजन मोटारीच्या पुस्तिकेतील आकड्यांशी पडताळावे. त्यानंतर मान्यतेचे प्रमाणपत्र, नोंदणीचा वर्ग आणि विम्याची तरतूद कागदावर पाहावी आणि सर्वांत शेवटी रंग व पडदे निवडावेत. आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विक्रेत्याकडे भरलेल्या ट्रेलरसह चाचणी-फेरीची मागणी करावी. तीत एक चढ, एक अरुंद वळण, एकदा मागे घेणे आणि ताशी ५० किलोमीटरवरून एकदा पूर्ण थांबणे यांचा समावेश असावा. या चार गोष्टी कुटुंबातील जो चालक नेहमी सुकाणू धरणार आहे, त्यानेच करून पाहाव्यात.